गदेनंतर काय?

जत्रेचे दिवस जवळ आले, देवळाच्या सभामंडपात पंचमंडळी कुस्त्यांच्या फडाची वर्गणी मोजावयास बसली, की एक वाद हटकून निघतो. एक पक्ष म्हणतो, “पहिलवानाला पुस्तक कशाला?” पहाटे उठून जोर-बैठका काढणाऱ्या पोराने परीक्षेच्या पायी मेहनत सोडली, की तो ना धड मल्ल राहतो, ना धड विद्वान होतो, असा त्या पक्षाचा अनुभव असतो. दुसरा पक्ष वर्तमानपत्रे वाचून बोलतो. तो म्हणतो, “अमेरिकेकडे पाहा. तेथे कुस्ती कॉलेजातच वाढते. मल्लाच्या एका हातात पदक आणि दुसऱ्या हातात पदवी. आपणही तेच करावे, म्हणजे प्रश्न मिटला.”

आम्हांस हे दोन्ही पक्ष मान्य नाहीत. पहिला पक्ष मल्लाचे पुढचे आयुष्य पाहतच नाही. दुसरा पाहतो, पण अर्धेच पाहतो. मल्लाने शिकावे की नाही, हा आमच्या मते खरा प्रश्न नव्हेच. फड जिंकून, फेटा बांधून, गदा खांद्यावर घेऊन मल्ल घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोणाच्या आधाराने उभा राहतो, हा खरा प्रश्न होय. आणि ज्या अमेरिकेचा दाखला आपले मित्र देतात, तिच्याच विजेत्यांची चरित्रे उघडून पाहिली, तर उत्तर त्यांना वाटते तितके सोपे नाही असे दिसेल.

प्रथम तेथील व्यवस्था समजून घेऊ. अमेरिकेतील महाविद्यालयीन कुस्तीची राष्ट्रीय स्पर्धा १९२८ साली आयोवा संस्थानातील एम्स या गावी सुरू झाली. एन. सी. ए. ए. या अक्षरांनी ओळखली जाणारी संस्था ती भरविते. आज पहिल्या श्रेणीत दहा वजनगट आहेत. म्हणजे साऱ्या देशातून वर्षाला दहा विजेते निघतात. त्यांची कुस्ती ऑलिंपिकमधील फ्रीस्टाइलहून वेगळी असते. प्रतिस्पर्ध्याला चीतपट करण्याइतकेच त्याला खाली दाबून धरण्याला तीत महत्त्व असते, आणि किती वेळ दाबून धरले याचाही गुण मिळतो. म्हणून कॉलेजातील विजेत्याला जागतिक आखाड्यात उतरताना पुष्कळसे नव्याने शिकावे लागते. कॉलेजचे विजेतेपद हे ऑलिंपिकचे प्रवेशपत्र नव्हे.

“तेथे शिक्षण फुकट असते” हा समजही असाच अर्धा आहे. अनेक वर्षे, २०२५ साली नियम बदलेपर्यंत, पहिल्या श्रेणीतील एका संघाला जास्तीत जास्त ९.९ शिष्यवृत्त्या देता येत. संघात मल्ल तीस-तीस असत. तेव्हा त्या दहांहून कमी शिष्यवृत्त्यांचे तुकडे करून ते सर्वांत वाटले जात. बहुतेकांच्या वाट्याला अर्धीमुर्धी फी येई. उरलेला भार आईबाप किंवा कर्ज उचली. शिवाय २०२१ च्या जुलैपर्यंत आपल्या नावावर एक पैसाही मिळविण्याची विद्यार्थी-मल्लाला बंदी होती. प्रेक्षागृहे भरत, तिकिटे खपत, विद्यापीठाचे नाव होई. मल्लाला मिळे ते पदक.

आता विजेत्यांची गोष्ट. त्यांच्यापुढे साधारणपणे तीन वाटा असत.

पहिली वाट वस्तादगिरीची. आयोवा संस्थानातील वॉटर्लू गावचा डॅन गेबल हे तिचे सर्वांत थोर उदाहरण. शाळेत आणि कॉलेजात मिळून एकही कुस्ती न हरता तो १९७० साली शेवटच्या अंतिम लढतीत उतरला, आणि वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लॅरी ओविंग्ज या तरुणाने त्याला १३-११ असे हरविले. दोन वर्षांनी, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये, गेबलने प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण न देता सुवर्णपदक जिंकले. हे सर्वजण सांगतात. पुढचे कोणी सांगत नाही, आणि आमच्या मते तेच महत्त्वाचे आहे. म्युनिकहून परतलेल्या गेबलला आयोवा विद्यापीठात पगाराची जागा मिळाली. तेथे तो आधी साहाय्यक होता. पुढे १९७६ पासून १९९७ पर्यंत, एकवीस हंगाम, मुख्य प्रशिक्षक. त्या काळात त्याच्या संघाने पंधरा राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली. गेबलचे गुण कोणी नाकारणार नाही. पण त्या गुणांना एकवीस वर्षे खुर्ची देणारी संस्था तेथे होती, हेही नाकारता येणार नाही. अगदी अलीकडचा केल सँडरसन पाहा. १९९९ ते २००२ या काळात १५९ कुस्त्यांत एकही हार न घेता त्याने चार विजेतेपदे मिळविली, २००४ साली अथेन्सला सुवर्णपदक घेतले, आणि २००९ पासून पेन स्टेट विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून २०२५ पर्यंत संघाला बारा वेळा अजिंक्य केले. आणि गेबलला हरविणारा तो ओविंग्ज? तो शिक्षक झाला, मुलांना कुस्ती शिकवू लागला. आयुष्यातील एका सायंकाळी तो देशभर गाजला. पुढे तो एका पदवीधर शिक्षकाच्या पगारावर प्रतिष्ठेने जगला. आमच्या दृष्टीने हा मोठाच विजय होय.

पण ही वाट अरुंद आहे, आणि ती केव्हा बंद होईल याचा नेम नाही. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेतील शंभराहून अधिक महाविद्यालयांनी आपले कुस्तीसंघ मोडून टाकले. ज्या विद्यापीठाच्या पोराने गेबलला हरविले, त्या वॉशिंग्टन विद्यापीठातही आज कुस्ती नाही. याचा दोष पुष्कळांनी १९७२ च्या, मुलींना शिक्षणात व खेळांत समान संधी देणाऱ्या कायद्याच्या माथी मारला. आम्हांस ते पटत नाही. फुटबॉलच्या अवाढव्य संघांवर वाटेल तसा खर्च करणाऱ्या संस्थांना काटकसर आठवली, ती नेमकी कुस्तीपाशीच. आणि बोट दाखविले मुलींकडे. पुढे काळाने उत्तर दिले. मुलींची कुस्तीच तेथे इतकी वाढली, की २०२५ साली तिला राष्ट्रीय विजेतेपदाच्या खेळाचा दर्जा देणे भाग पडले. सांगावयाचे ते एवढेच, की ज्या संस्थेच्या भरवशावर मल्ल उभा राहतो, ती जर त्याला केवळ शोभेची वस्तू मानीत असेल, तर कोणत्याही सकाळी ती त्याच्या पायाखालची माती काढून घेऊ शकते.

दुसरी वाट तमाशाच्या कुस्तीची. ओक्लाहोमाचा डॅनी हॉज १९५५ ते १९५७ अशी तीन वर्षे विजेता होता. कॉलेजच्या ४६ कुस्त्यांत तो हरला नाही. एवढेच नव्हे, तर उभ्या झटापटीत त्याला कोणी खाली घेऊ शकला नाही. १९५६ साली मेलबर्नला त्याने रौप्यपदक मिळविले. मग काय? आधी मुष्टियुद्ध, आणि नंतर ज्यांत निकाल आधीच ठरलेला असतो अशा धंदेवाईक कुस्त्या. गावोगाव मोटारीने रात्रंदिवस प्रवास. १९७६ साली अशाच प्रवासात मोटार-अपघातात त्याची मान मोडली आणि आखाडा संपला. आज दरवर्षी सर्वोत्तम कॉलेज मल्लाला देतात त्या पारितोषिकाला हॉजचेच नाव आहे. क्लॅरियन विद्यापीठाचा कर्ट अँगल १९९० आणि १९९२ साली विजेता झाला. १९९६ साली अॅटलांटा येथे, मानेला गंभीर दुखापत असताना, त्याने सुवर्णपदक घेतले. नंतर तोही त्याच रंगमंचावर गेला, आणि पुढे वेदनाशामक गोळ्यांच्या आहारी गेल्याचे त्याने स्वतःच जाहीरपणे सांगितले. मिनेसोटा विद्यापीठाचा २००० सालचा विजेता ब्रॉक लेसनर याने त्याच मार्गाने अफाट पैसा व कीर्ती मिळविली.

या लोकांना नाक मुरडण्याची आमची इच्छा नाही. जोड बांधून, नुरा कुस्त्या लढून पोट भरणारे पहिलवान आमच्या फडांतही होऊन गेले आहेत, आणि त्यांना बोल लावणारे आम्ही त्यांच्या खुराकाचे बिल कधी भरलेले नाही. आम्ही एवढेच म्हणतो, की ज्या विद्येला देशाने मुकुट घातला, तिच्या बळावर प्रामाणिक भाकरी मिळेना, म्हणून मल्लाला तिचे सोंग विकावे लागले. लाज सोंग करणाऱ्याला नव्हे, मुकुट घालणाऱ्याला वाटली पाहिजे.

तिसरी वाट धनिकाच्या आश्रयाची; आणि हीच आमच्या वाचकांच्या ओळखीची असल्यामुळे तिच्याविषयी जरा विस्ताराने लिहावेसे वाटते.

डेव्ह आणि मार्क शुल्ट्झ हे दोघे सख्खे भाऊ. दोघेही ओक्लाहोमा विद्यापीठाचे मल्ल. मार्क १९८१, १९८२ आणि १९८३ साली राष्ट्रीय विजेता झाला, डेव्ह १९८२ साली. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये दोघांनीही सुवर्णपदके जिंकली. एका आईच्या दोन लेकरांनी एकाच ऑलिंपिकमध्ये कुस्तीची दोन सुवर्णपदके आणावीत, याहून मोठा सन्मान कोणता? तथापि पदकाने घरभाडे भागत नाही. अशा वेळी पेनसिल्व्हेनियातील जॉन ड्यू पाँ नावाचा एक गर्भश्रीमंत गृहस्थ पुढे आला. त्याने आपल्या विस्तीर्ण जमिनीवर आखाडा बांधला, मल्लांना राहावयास घरे दिली, वेतन दिले. एका विद्यापीठाला देणगी देऊन त्याने तेथे कुस्तीचा संघही उभा केला. आणि दोनच वर्षांत, १९८८ साली, तो संघ मोडलाही. मार्क तेथून दुरावला. पुढे तो ब्रिगहॅम यंग विद्यापीठात प्रशिक्षक झाला. पण २००० च्या सुमारास त्या विद्यापीठानेही कुस्ती बंद केली. डेव्ह बायकोमुलांसह त्या धनिकाच्या जमिनीवरच राहिला. धनिकाचे मन ढळत चालले होते, हे आसपासच्यांना दिसत होते. पण तेथे राहणाऱ्यांचे घर त्याचे, आखाडा त्याचा, वेतन त्याचे, बोलणार कोण? २६ जानेवारी १९९६ रोजी ड्यू पाँने डेव्ह शुल्ट्झला त्याच्या घरापुढे गोळ्या घालून ठार केले. डेव्ह तेव्हा ३६ वर्षांचा होता आणि त्या वर्षीच्या ऑलिंपिकची तयारी करीत होता. ड्यू पाँला १९९७ साली शिक्षा झाली आणि २०१० साली तो तुरुंगातच मेला.

कोणी म्हणेल, हे एका भ्रमिष्टाचे कृत्य. त्यावरून आश्रयदात्यांवर शिंतोडे कशाला? आम्ही सर्व आश्रयदात्यांना एका माळेत ओवीत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लविद्येला दिलेला आश्रय कोण विसरेल? १९१२ साली बांधून झालेले खासबाग मैदान आजही त्याची साक्ष देते. परंतु आश्रयदाता देवमाणूस असो की वेडा, मल्लाच्या जागेवरून पाहिले तर एक गोष्ट दोहोंकडे सारखीच आहे. त्याची भाकरी दुसऱ्याच्या मर्जीवर असते. मर्जी चांगली असेल तोवर चांगले; ती फिरली, किंवा मर्जी करणाराच उरला नाही, की मल्लाजवळ मागावयास हक्क नाही, केवळ विनंती आहे.

हे आमच्याच घरात घडलेले आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. आमच्या भाषेतील कॉलेज-मल्लांत त्यांच्याहून मोठे नाव नाही. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले, ते कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने. तेथे त्यांना सहावा क्रमांक मिळाला. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५२ साली हेलसिंकीला जाण्याची वेळ आली, तेव्हा दारोदार वर्गणी मागावी लागली. आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या प्रवासातून खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताला व्यक्तिगत स्पर्धेत मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. गावाने बैलगाड्यांची मिरवणूक काढली. आणि मिरवणुकीनंतर? पदकविजेत्या मल्लाने पुन्हा कुस्त्यांचे फड लढवून पैसे उभे केले आणि प्राचार्यांचे कर्ज फेडले. १९५५ साली ते पोलिसांत फौजदार झाले, तेथेच वर चढले, आणि निवृत्तीनंतर १९८४ साली रस्त्यावरील अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे झाला तो मरणोत्तर, त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी.

खर्डेकरांच्या औदार्याची कथा आपण जयंती-पुण्यतिथीला डोळे ओले करून सांगतो. सांगावीच. पण ती सांगताना मनात एक प्रश्न उठला पाहिजे: एका शिक्षकाला घर गहाण का टाकावे लागले? त्या सात हजारांसाठी अख्ख्या समाजात दुसरी तिजोरी नव्हती काय? एका माणसाचे औदार्य उजळून दिसते, तेव्हा भोवती अंधार असतो. आणि तो अंधार आपण होतो.

आता अमेरिकेत नवे पर्व आले आहे. २०२१ पासून विद्यार्थी-मल्लाला आपल्या नावावर पैसा मिळविता येतो. २०२५ पासून विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतात. आमचे दुसऱ्या पक्षाचे मित्र लगेच म्हणतील, “पाहा, प्रश्न सुटला!” सुटला नाही. हा पैसा ज्याचे नाव गाजते त्याला, गाजते तोवर मिळतो. नाव ओसरले, गुडघा गेला, की तो आटतो. ही जुनीच गदा आहे. फक्त आता ती सोन्याची केली आहे. मल्लाला जे हवे ते गेबलला मिळाले होते, ओविंग्जला मिळाले होते: ज्ञानाने मिळविलेली आणि मर्जीने न हिरावली जाणारी जागा.

म्हणून, वाचकहो, आमचे म्हणणे देवस्थानांच्या पंचांपुढे आणि महाजनांपुढे आहे. बेळगावच्या सीमाभागापासून बडोदे-इंदूरपर्यंत आपण जेथे जेथे राहिलो, तेथे तालीम आणि मारुतीचे देऊळ एकमेकांच्या आधारानेच उभे राहिले. जेथे जत्रेत अजून फड भरतो, तेथे पहिल्या क्रमांकाच्या कुस्तीवर मोठी रक्कम लागते, आणि ती बहुतेक बाहेरून बोलावलेला नामांकित पहिलवान घेऊन जातो. ती बंद करा असे आम्ही म्हणत नाही. जत्रेला रंग हवा, हे आम्हांसही समजते. पण त्या रकमेतील निम्मा भाग बाजूस ठेवा, आणि गावच्या तालमीतील एका शिकणाऱ्या मुलाची किंवा मुलीची फी व खुराक यांचा भार पदवी मिळेपर्यंत उचला. हे दरवर्षी अर्ज करून, पंचांच्या पाया पडून मिळणारे दान नसावे; एकदा निवड झाली, की तो लेखी ठरलेला हक्क असावा. मल्ल फडात हरला म्हणून तो थांबू नये, आणि दुखापत झाली तर मुळीच थांबू नये. दुसरे असे, की ज्याचे लढण्याचे दिवस संपले, अशा एका जाणत्या मल्लाला तालमीचा वस्ताद म्हणून नियमित वेतनावर नेमा. आज तो कोठे तरी रखवालदारी करीत असतो, आणि जत्रेदिवशी आपण त्याला व्यासपीठावर बोलावून नारळ देतो.

“देवाचा पैसा शाळेच्या फीसाठी?” असा आक्षेप येईल, हे आम्ही जाणतो. आक्षेपकांना आम्ही आदराने विचारतो, की ज्या मारुतीसमोर आपला मल्ल लंगोट कसतो, त्या मारुतीला आपण केवळ बळाचा देव मानतो काय? तो सूर्यापुढे उभा राहून विद्या शिकला, हे आपल्याच आजीने आपल्याला सांगितले ना? बळ आणि बुद्धी यांची फारकत आपल्या परंपरेने केलेली नाही. ती आपल्या आळसाने केली. कारण गदा एका दिवसात देऊन मोकळे होता येते, आणि शिक्षण पाच वर्षे द्यावे लागते.

आणि ज्यांना पहिलवानाच्या हाती पुस्तक नको आहे, त्यांनी आपल्या गावच्या जुन्या पहिलवानाच्या घरी एकदा जावे. भिंतीवर गदा टांगलेली असेल. ती कोणत्या साली मिळाली हे तो आनंदाने सांगेल. मग त्याला त्यानंतरच्या वर्षांविषयी विचारावे, आणि त्याचे सगळे बोलणे ऐकून घेऊनच उठावे. येत्या जत्रेच्या पंचांच्या बैठकीला त्या घरावरूनच जावे, एवढीच आमची विनंती आहे.